डाग न काढलेला फोटो

माझ्या खालच्या ओठाखाली चार मिशा आहेत आणि त्या चारही मिशांना बारीक फांद्या फुटलेल्या आहेत. वरच्या ओठाच्या दोन कोपऱ्यांतून निघालेल्या दोन मिशा मात्र साध्या आणि लांब, शिवणाच्या दोऱ्यासारख्या. खालच्या चारांपैकी डावीकडची बाहेरची मिशी टोकाला वाकलेली आहे. ती जन्मापासून तशी नाही. काचेला नाक लावून, थोडा वेळ श्वास रोखून पाहिलेत तरच तुम्हाला ते दिसेल. घाईत पाहणाऱ्याला फक्त एक तपकिरी मासा दिसतो, तोही उलटा.

मित्रांनो, मी एक जुना मासा आहे. एका फोटो स्टुडिओतल्या काचेच्या टाकीत माझे आयुष्य गेले. माझे कुळ आफ्रिकेतल्या मिशीवाल्या माशांचे, ज्यांना कॅटफिश म्हणतात त्यांचे. त्यातही माझे घराणे सिनोडोन्टिस नावाचे. फांद्या फुटलेल्या मिशा ही आमच्या घराण्याची खूण. पण या एका घराण्यात शंभराहून जास्त प्रजाती आहेत आणि त्यांतला मी नेमका कोण, हे बरीच वर्षे कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. माशाचे त्यावाचून काही अडत नाही, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटत असे. पण माझे अडले, आणि कसे अडले तेच मी सांगणार आहे.

आफ्रिकेतली नदी मी कधी पाहिली नाही. माझा जन्म एका सिमेंटच्या हौदात झाला. तिथे आम्ही इतके होतो की वळायचे झाले तर कोणाच्या तरी शेपटीला धक्का लागे. तिथून मी पाणी आणि हवा भरलेल्या पिशवीतून एका दुकानात आलो. तेव्हा मी तुमच्या करंगळीच्या पेराएवढा होतो. दुकानदाराने आमच्या टाकीवर चिठ्ठी चिकटवली होती : ‘उलटा पोहणारा आफ्रिकन मासा. लहानच राहतो.’

यातले पहिले वाक्य खरे होते. मी उलटा पोहतो. पानाच्या किंवा दगडाच्या खालच्या बाजूला जे शेवाळ आणि बारीक जीव असतात ते खायचे, तर पोट वर करणेच सोयीचे पडते. आमच्या घराण्यातले बरेच जण तसे करतात. पण बाजारात ‘उलटा पोहणारा’ म्हणून ज्याची ख्याती आहे तो एक वेगळा, बोटभर वाढणारा मासा. जो उलटा पोहतो तो तोच, असे धरून चालणे म्हणजे चष्मा लावणारी सगळी माणसे एकाच आईची लेकरे समजण्यासारखे आहे. पण लहानपणी आम्ही दिसतो फार सारखे. दुकानदाराला दोष देऊन उपयोग नाही.

मला विकत घेतले ते एका फोटोवाल्याने. त्याच्या स्टुडिओत बाहेरच्या खोलीत लाकडी बाक, एक आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा आणि खुंटीवर एक काळा कोट होता. ज्याला साहेबासारखे दिसायचे असेल त्याने तो कोट चढवायचा. कोट पाठीमागून उसवलेला होता, पण फोटो समोरूनच काढतात. आतल्या बाजूला गोल फिरणारे स्टूल, मागे निळा आणि पांढरा पडदा, दोन बाजूंना छत्र्या लावलेले दिवे. कॅमेऱ्याच्या शेजारी लोखंडी घोडीवर माझी टाकी. टाकी दोन विती लांब होती. तेव्हाच्या मला ती मैदानासारखी वाटली.

तिथे मी नोकरीला लागलो म्हणा ना. शाळेच्या फॉर्मसाठी फोटो काढायला मुले यायची. स्टुलावर बसली की कोणी पायाकडे बघायचे, कोणी रडायचे, कोणी आईच्या पदराकडे हात पसरायचे. एकदा एका मुलीने मला पाहिले आणि रडायचे थांबवून ती ओरडली, “आई, तो मासा उलटा आहे!”

“उलटा नाही,” फोटोवाला कॅमेऱ्यामागून गंभीरपणे म्हणाला, “उलटोबा म्हणायचं. मोठा आहे तो तुझ्यापेक्षा.”

खरे तर मी तिच्यापेक्षा बराच लहान होतो. पण मुलीने हनुवटी वर केली, डोळे मोठे केले, आणि खटका वाजला. फोटो असा आला की तिची आई दोनदा पाहून म्हणाली, “ही एवढी शहाणी कधी झाली?”

त्या दिवसापासून ते वाक्यच ठरून गेले. हनुवटी वर, आणि बघ उलटोबाकडे. माझे काम एवढेच होते की आवाज ऐकला की फुटक्या कुंडीखालून बाहेर यायचे आणि पोट वर करून टाकीच्या मधोमध थोडे तरंगायचे. आमचे कान दिसत नाहीत, पण ऐकू फार चांगले येते. पोटातली हवेची पिशवी आवाजाने थरथरते आणि चार बारीक हाडे ती थरथर डोक्यापर्यंत पोचवतात. त्यामुळे त्या खोलीत कोण काय बोलले ते मला सगळे कळे. फोटोवाल्याचे माझ्यावर प्रेम होते हेही मला असेच कळले. दिव्याचा झगमगाट माझ्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून त्याने टाकीच्या बाजूने काळा पुठ्ठा लावला होता. त्यात मुलांसाठी एक खिडकी कापली होती, कडा अगदी सरळ. गिऱ्हाइकाला तो सांगे, “फोटो मी काढतो, पण मूल बसवतो तो हा.”

आता त्याच्या आणखी एका कामाबद्दल सांगितले पाहिजे, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यातून झाला. फोटो काढून झाला की तो आतल्या खोलीत संगणकासमोर बसे आणि फोटो साफ करी. गालावरची पुटकुळी काढायची. डोळ्यांखालची काळी वर्तुळे फिकी करायची. डोक्यावर उडालेले केस एकेक करून पुसायचे. हनुवटीखालची सावली उजळायची. माणूस कसाही आलेला असो, फोटोत तो नुकताच आंघोळ करून आल्यासारखा दिसला पाहिजे, हा त्याचा नियम. यात फसवणूक नव्हती. ती त्याची माया होती. तो सगळ्यांकडे असाच पाही. वर्षानुवर्षे हेच केल्याने हाताला इतकी सवय झाली होती की फोटोवाला गाणे गुणगुणत असे आणि हात आपला डाग काढत असे.

मग गिऱ्हाइके कमी झाली. लोक आपापल्या फोनवर फोटो काढू लागले. बाक दिवसदिवस रिकामा राहू लागला. काळ्या कोटाच्या खांद्यावर धूळ बसली. आणि मी मात्र वाढत होतो. पेराचे बोट झालो, बोटाचा तळहात झालो आणि तरी थांबलो नाही. माझ्या पाठीवरच्या पराला मागे लांब तारा फुटल्या. अंगभर बारीक काळे ठिपके उमटले. टाकी तेवढीच राहिली. एका टोकाकडून निघालो की चार हेलकाव्यांत दुसरी काच येई. वळताना नाक घासे. कधी घाईत वळलो तर मिशी काच आणि दगडाच्या फटीत सापडे.

मित्रांनो, दुर्लक्ष म्हटले की तुम्हाला दुष्ट माणूस आठवेल. माझा फोटोवाला दुष्ट नव्हता. गिऱ्हाईक नसल्याने तो उलट तासन्तास माझ्याजवळ स्टूल ओढून बसे. खायला जास्तच घाली. पण जो रोज पाहतो त्याला वाढ दिसत नाही. ती दिसते अधूनमधून येणाऱ्याला.

अशी अधूनमधून येणारी होती त्याची थोरली बहीण. तिला तो अक्का म्हणे. ती त्याला, केस पांढरे झाले तरी, बाळ्याच म्हणे. अक्काने सारी नोकरी रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत केली होती. दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून काचेच्या पट्टीवर काय दिसते ते सांगायचे, हे तिचे काम. निवृत्त झाल्यावर ती दुपारी चहाचा थर्मास घेऊन स्टुडिओत येऊन बसे. पर्समध्ये एक घडीचे भिंग असे. नोकरी सुटली तरी भिंग सुटले नव्हते.

“बाळ्या, हा मासा वाढतोय,” ती एकदा म्हणाली.

“छे. लहानच राहतो तो. दुकानात लिहिलं होतं तसं.”

“मग त्यानं ते वाचलेलं दिसत नाही.”

“अक्का, तू उगाच काहीतरी काढत बसतेस.”

“मी काही काढत नाहीये. तो वळताना नाक घासतंय त्याचं. ह्याला मोठी टाकी लागणार.”

“इथं कुठे मावायची मोठी टाकी? कॅमेरा ठेवू की टाकी?”

“इथं नाही मावत तर जिथं मावते तिथं पाठव.”

फोटोवाल्याने काळ्या पुठ्ठ्याची कड उगाचच सरळ केली. मग म्हणाला, “आधी हा नक्की कोण आहे ते कळू दे. बोटभरच वाढणाऱ्यातला असेल तर आता थांबेल. मग ठरवू.”

ते ‘मग ठरवू’ मी पुढे इतक्यांदा ऐकले की मला ते माझेच दुसरे नाव वाटू लागले. त्याला माझी ओळख नको होती असे नाही. ती पटली तर काय करावे लागेल, हे त्याला नको होते. दुकान उघडल्यावर ज्याच्याशी पहिले वाक्य बोलायचे असा त्याच्याजवळ मीच उरलो होतो.

पण अक्का सोडणारी नव्हती. तिने चौकशी करकरून निसर्ग संग्रहालयातल्या एक बाई शोधल्या. त्या आयुष्यभर मिशीवाल्या माशांचाच अभ्यास करत आलेल्या. अक्का त्यांना माशांच्या बाई म्हणे. त्या फोनवर म्हणाल्या, “सिनोडोन्टिस ओळखणं सोपं नसतं हं. बाजूनं काढलेला स्वच्छ फोटो पाठवा. ठिपके कसे आहेत, पाठीचा पर कसा आहे, पोट पाठीपेक्षा गडद आहे की फिकं, एवढं दिसलं पाहिजे.”

फोटोवाल्याने फोटो काढला. जीव ओतून काढला. दोन्ही दिवे लावले, मागे निळा कागद धरला, मला सरळ दाखवायला फोटो फिरवला. मग आत गेला. मला त्याचे गुणगुणणे ऐकू आले.

बाईंचा फोन आला तेव्हा अक्काने तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला. “फोटो फार सुंदर आहे,” त्या म्हणाल्या, आणि थोड्या थांबल्या. “जरा जास्तच सुंदर आहे. अंगावर ठिपके जवळजवळ नाहीत, पराची कड गुळगुळीत आहे. पोटाचा रंग मला नीट कळत नाही, सगळीकडे सारखाच उजेड पडलाय. छातीठोकपणे नाही सांगत, पण लहान राहणाऱ्यांपैकी एखादा असू शकेल. आणखी एक फोटो पाठवाल का?”

“बघ!” फोटोवाल्याचा चेहरा उजळला. “लहान! मी म्हणत नव्हतो?”

“त्या ‘असू शकेल’ म्हणाल्या.”

“म्हणाल्या ना पण.”

दुसरा फोटो गेला. तोही तितकाच सुंदर. उत्तरही तेच आले, फक्त बाईंचा आवाज जास्त बुचकळ्यात पडलेला होता. दिवस जात राहिले. माझे नाक घासत राहिले.

मध्ये एकदा शेजारचा चावीवाला चहाला आला. त्याने टाकीकडे पाहून सहज तोडगा काढला. “एवढा विचार कसला करता? बागेतल्या तळ्यात सोडून द्या की. मोकळा होईल बिचारा.”

अक्काने कप खाली ठेवला. “आणि तळ्यातले मासे? त्यांना विचारलं का कोणी? हा परक्या मुलखातला. तिथली अंडी खाईल, आपले आजार त्यांना देईल, नाहीतर थंडीनं स्वतः मरेल. यातलं काय हवंय, सांगा.”

“अहो, मी आपलं भल्यासाठी म्हटलं.”

“भल्यासाठीच म्हणतात सगळे. तुम्ही कुणाच्या दाराला दुसऱ्याच दाराची चावी लावता का?”

“लावून बघतो कधीकधी,” चावीवाला म्हणाला, आणि अक्काला हसू आले. पण मला तळ्यात सोडायची गोष्ट पुन्हा कोणी काढली नाही. मित्रांनो, हे मात्र लक्षात ठेवा. टाकीतला मासा तळ्यात सोडणे ही दया नाही.

मग एक दुपार आली. ऊन तिरपे होऊन टाकीत शिरले होते. फोटोवाला पाणी आणायला मागे गेला होता. अक्काला काही काम नव्हते, म्हणून तिने फोनवर माझा फोटो उघडला आणि बोटांनी मोठा केला. मग पर्समधून भिंग काढले आणि काचेला लावून मला पाहिले. मग पुन्हा फोटो. मग पुन्हा मी. मी कुंडीखाली पोट वर करून स्थिर राहिलो. नोकरीच होती माझी ती. तिचा एक डोळा भिंगामागे बशीएवढा दिसत होता.

“बाळ्या,” तिने हाक मारली. आवाज अगदी शांत होता. “ह्याचे ठिपके कुठे गेले?”

“कुठले ठिपके?”

“अंगावरचे. टाकीत आहेत. फोटोत नाहीत.”

फोटोवाला बादली घेऊन दारात उभा राहिला. “ते होय. ते काढले.”

“काढले?”

“डाग होते ते, अक्का. फोटोत डाग ठेवतं का कुणी?”

“आणि पाठीच्या परावरच्या ह्या लांब तारा?”

“त्या उडत होत्या. केस उडाल्यासारखं दिसत होतं. नीटनेटकं केलं जरा.”

अक्का त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या खांद्यांपासून हसू सुरू झाले आणि थर्मासचे झाकण हातातून सुटून बाकाखाली गेले. “अरे, मासा आहे तो! त्याला काय मुलगी दाखवायला न्यायचं होतं?” डोळे पुसत ती म्हणाली, “जन्मभर मी काचेवर ठिपके शोधले आणि तू जन्मभर काचेवरचे ठिपके पुसलेस. आणि आईनं दोघांना एकाच शाळेत घातलं होतं!”

फोटोवाला कानापर्यंत लाल झाला. “मला कळलंच नाही गं. हात आपोआप जातो.”

“मग ह्या वेळी हात बांधून बस.”

या वेळी त्यांनी सगळे शिस्तीत करायचे ठरवले. माशांच्या बाईंनी सांगितले होते की मासा अरुंद काचेच्या पेटीत घेतला तर तो बाजूने नीट दिसतो. फोटोवाल्याकडे तसबिरींच्या काचा पडून होत्या. त्याने त्या कापून, चिकटवून अशी पेटी बनवली. चिकटवणीचा वास पूर्ण जाईपर्यंत अक्काने ती वापरू दिली नाही. रोज धुवायला लावली आणि रोज आपण हुंगून पाहिली.

मला बाहेर काढताना मात्र गोंधळ झाला. फोटोवाल्याने जाळी घातली. आमच्या छातीच्या दोन परांना पुढच्या बाजूला दातेरी काटे असतात. भीती वाटली की आम्ही ते ताठ करून कुलूप लावल्यासारखे घट्ट करतो. मी तेच केले आणि काटे जाळीत अडकले. मग मी ओरडलो. होय, आम्हाला आवाज आहे. काट्याचे मूळ खोबणीत घासून आम्ही कर्र कर्र असा आवाज काढतो. फोटोवाल्याने तो कधी ऐकला नव्हता.

“ओढू नकोस!” अक्का ओरडली. “पाण्यातच धर. जाळी काप.”

तसबिरीचा पुठ्ठा कापायच्या पातळ पात्याने त्याने जाळीचा एकेक धागा कापला. उडालेला एकेक केस पुसणारा हात तो. तितक्याच हळुवारपणे चालला. एकदाही पाते मला लागले नाही. “झालं हं, झालं. उलटोबा, झालं,” तो पुटपुटत होता, रडणाऱ्या मुलांशी बोलायचा तसा. नंतर त्यांनी मला बिस्किटांच्या मोठ्या बरणीत घेतले आणि टाकीतल्याच पाण्याने भरलेल्या त्या पेटीत सोडले. पेटीपुढे अक्काने मोजपट्टी उभी केली.

हनुवटी वर कर, असे मला कोणी म्हणाले नाही. खटका वाजला. मला परत टाकीत सोडले. आणि दोघे आतल्या खोलीत गेले. त्या दिवशी मधला पडदा सरकवलेलाच राहिला होता, म्हणून मला त्यांच्या पाठी दिसत होत्या आणि त्यांच्या मधून चमकणारा संगणकाचा पडदा, आणि त्यावर मी.

“हात मांडीवर,” अक्का म्हणाली. फोटोवाल्याने हात मांडीवर ठेवले.

ठिपके दिसत होते. डोक्यापासून शेपटीपर्यंत, परांवरसुद्धा. पाठीच्या परामागच्या तारा पिसासारख्या पसरल्या होत्या. पोट पाठीपेक्षा गडद नव्हते, फिकेच होते. कल्ल्यामागचे टोकदार हाड स्पष्ट दिसत होते. अक्का एकेक खूण बोटाने दाखवत होती. फोटोवाला मात्र भलतीकडेच पाहत होता.

“हे नाकावर काय आहे?” त्याने विचारले.

नाकाच्या टोकाला कातडी घासून पांढरा चट्टा पडला होता. शेपटीची खालची कड फाटलेली होती. आणि डावीकडची ती मिशी, वाकलेली.

“मी म्हणत नव्हते? घासतं म्हणून?”

“पण एवढं? हे कधी झालं? मागच्या फोटोत तर…” तो बोलता बोलता थांबला. मग हात मांडीवरून उचलून त्याने जुने, साफ करण्याआधीचे फोटो उघडले. मागच्या फोटोत चट्टा होता. त्याच्या मागच्यातही होता, थोडा लहान. मिशी तेव्हाच वाकलेली होती.

त्याने तिन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

“अक्का, दर वेळी मीच पुसलं गं हे.”

तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. चेष्टा केली नाही.

माशांच्या बाईंचे उत्तर लगेच आले. “अहो, हा मासा इतके दिवस कुठे लपवला होता? सिनोडोन्टिस युप्टेरस दिसतोय. युप्टेरस म्हणजे सुंदर परांचा. लहान असताना त्या उलट्या पोहणाऱ्या छोट्या माशासारखाच दिसतो, पुष्कळांची फसगत होते. हौदातल्या माशांत कधीकधी मिश्र जन्माचेही निघतात, म्हणून शंभर टक्के म्हणणार नाही. पण लहान राहणारा नाही, हे नक्की. अजूनही वाढेल.” मग त्यांचा आवाज मऊ झाला. “नाकाची जखम भरून येईल, जागा मिळाली तर. आमच्या संग्रहालयाच्या दालनात मोठी टाकी आहे, त्याच्यासारखे आणखी दोघे आहेत. पण मासा तुमचा. तुम्ही ठरवा.”

फोटोवाल्याने फक्त “बरं” म्हटले. अक्कानेही त्या दिवशी काही विचारले नाही.

मित्रांनो, या ‘बरं’ आणि पुढच्या गोष्टीच्या मधल्या काळात मी पुष्कळ विचार केला. तुमच्याशी बोलायचे ते तेव्हाच ठरवले. तुमच्यापैकी कोणाच्या घरी मासा असेल, कोणाला आणायचा असेल. आणण्याआधी विचारा, हा मोठेपणी केवढा होतो. चिठ्ठीवर विसंबू नका. त्याच्या मिशा पाहा, पर पाहा, पोटाचा रंग पाहा. कळले नाही तर ज्याला कळते त्याला दाखवा, आणि दाखवताना आहे तसाच दाखवा. आम्हाला गोंडस करू नका. ठिपका पुसला की नाव पुसते. चट्टा पुसला की दुखणे दिसेनासे होते, पण ते जात नाही. माझ्या फोटोवाल्याइतकी माया मला कोणी लावली नसती. तरीही माझे नाक घासतच होते.

त्यानंतर एका सकाळी दुकान उघडल्यावर तो रोजच्यासारखा माझ्याशी बोलला नाही. आतून एक तसबीर घेऊन आला. मला ज्या पेटीत उभे केले होते तिचीच एक काच काढून त्याने ती बसवली होती. आत माझा फोटो होता, ठिपक्यांसकट, तारांसकट, नाकावरच्या चट्ट्यासकट. कॅमेऱ्याच्या शेजारी, स्टुलावर बसलेल्या मुलाला हनुवटी वर केल्यावरच दिसेल अशा उंचीवर त्याने खिळा ठोकला. तसबीर लावली. मागे सरून पाहिली. मग पुढे येऊन ती उलटी टांगली. आता मी फोटोतही पोट वर करून पोहत होतो.

अक्का थर्मास घेऊन आत आली. तिने भिंतीकडे पाहिले, भावाकडे पाहिले आणि बाकावर न बसता तशीच उभी राहिली.

“चहा ओतू?” तिने विचारले.

“थांब जरा. तो नंबर लाव.”

“कुणाचा?”

“तुला माहीत आहे कुणाचा.”

तिने फोन लावून त्याच्या हातात दिला. पलीकडून बाईंचा आवाज आला. फोटोवाला माझ्या टाकीसमोर येऊन उभा राहिला, काळ्या पुठ्ठ्यातल्या खिडकीपुढे, जिथे कधी काळी मुले पाहायची. मी कुंडीखालून बाहेर आलो आणि मधोमध तरंगलो. त्याने स्वतःची हनुवटी वर केली, माझ्याकडे पाहिले, आणि म्हणाला,

“बाई, फोटोवाला बोलतोय. उलटोबाला तुमच्याकडे पाठवायचं, हे ठरलं.”